शिंजिरासाठी लाल बाटली

२ मार्च
बाटलीत साखरेचं पाणी आहे हे पक्ष्याला कळणार कसं? याचं उत्तर मला देता येत नाही. पण व्हिडिओतल्या अमेरिकेच्या हमिंगबर्डना कळतं. आपल्याकडे ते नाहीत, शिंजीर आहेत; तेवढेच चिमुकले, तशीच बाकदार चोच. शिरड शहापूरचे झाले म्हणून काही कमी हुशार नसणार.
पाण्यात लाल रंग टाकला, बाटली अंगणातल्या लिंबाला टांगली. चुलतभाऊ प्रभूकडून जुना कॅमेरा आणि लग्नात वापरायचे दोन फ्लॅश आणले. पंख हवेत थांबलेला एकच फोटो हवा. तो मार्चअखेर संस्थेला पाठवला आणि निवड झाली, की पुण्याला वर्षभराचा फोटोग्राफीचा कोर्स. आबांनी शब्द दिलाय. फोटो नाही जमला, तर आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या, सांगून आलेल्या मुलाला होकार द्यायचा, हा शब्द माझा. मी हसत दिला.

५ मार्च
मुंग्या आल्या. दोरीला एरंडेल लावलं. सुरुवात अशीच असते.

८ मार्च
सकाळी बाटली फाटकाशी, जमिनीवर. शेजारच्या सुभद्रामावशींनी उतरवलेली. म्हणाल्या, "अगं, लाल पाणी कुत्रं दारात येऊ नये म्हणून ठेवत्यात. वर टांगून ठिवलं, कुत्रं काय झाडावर चढून राहिलं?" घरात ग्रॅज्युएट मी एकटीच, तेव्हा समजावण्याची जबाबदारी माझीच. फ्लॅश, शटर, परागीभवन, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय बाई." संध्याकाळी बाटली पुन्हा खाली.

११ मार्च
मधमाश्या. एक आईच्या गालाला चावली. ती म्हणाली, "आता माझाच काढ फोटो, गाल भरलाय, चांगली दिसंल." काढला नाही. विषय सोडायचा नसतो.

१५ मार्च
शिंजीर आला. बाटलीवर नाही, कोपऱ्यातल्या शेवग्यावर. दिवसभर तिथंच. फ्लॅशचा उजेड तिथवर जात नाही. झाड फुललेलं असताना तो बाटलीकडे कशाला बघेल? अडचण पक्ष्याची नाही, शेवग्याची आहे. उद्या उपाय.

१६ मार्च
शेवग्याची सगळी फुलं उतरवली. कॉलेजात मी झाडं वाचवण्यावर भाषण केलं होतं, पण हे तात्पुरतं आहे.
आई म्हणाली, "काहून तोडली गं? बाजाराला न्यायच्या शेंगा होत्या त्या." मग तिनं फुलांची भाजी केली.

२० मार्च
शिंजीर बाटलीवर नाही. शेवग्यावर नाही. गल्लीतच नाही. मी दिवसभर ओट्यावर बसते. डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपका मला पक्षी वाटतो. उद्या येईल. यायलाच हवा.

२४ मार्च
प्रभूनं फ्लॅश नेले, लग्नसराई आहे. म्हणाला, "नवरी तरी एका जागी बसती." मोबाईलच्या टॉर्चनेही काम होऊ शकतं. होतंच असेल.

२७ मार्च
आबा शेजारी येऊन बसले. बाटलीकडे बघत विचारलं, "आला का गं?" रडू आलं. म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली. आबांनाही आता फोटोग्राफीत रस वाटू लागलाय, हे मात्र चांगलं झालं.

३१ मार्च
मुदत संपली. पाठवायला फोटो नाही.
शब्द मोडायचं ठरवलं. आबांना म्हटलं, पुणं गेलं, पण लग्नही करणार नाही. गोरेगावला मीच फोन करते. आबा भाकरी मोडत होते. न बघता म्हणाले, "कर." इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.
मुलाचे काका उत्तमराव यांनी फोन घेतला. मी पाठ केलेलं बोलायला लागले, तर म्हणाले, "पोरी, आमच्या पोराचं वसमतला जमलं की. आठ दिवस झाले, तुझ्या आबाला सांगितलंय."
मग माझा नकार त्यांना सांगितलाच, सगळ्या कारणांसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "बराबर हाय."