पलीकडच्या गावाची बाजू

मी, कमळाकर देवराम कोळी, वय अठ्ठावन्न, धंदा मास्तरकी, राहणार बेलापूर खाडीकाठचा कोळीवाडा, तालुका ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोळीवाड्याचे मत वेगळे आहे, पण त्यांना कोणी विचारलेले नाही.

१. माझे राहते घर धाकटा भाऊ बाळाराम यास द्यावे. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये फक्त एक कुडाचे कुंपण आहे, तरी सप्टेंबरपासून तो माझ्याशी बोललेला नाही.

कारण असे. पाकिस्तानशी युद्धबंदी झाली तेव्हा अकरावीच्या मुलांनी विचारले, देश इतकी वर्षे का भांडतात? काश्मीर, चीनची सरहद्द, सगळे सांगून झाले. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी आमच्या खाडीचेच भांडण घेतले. मासेमारीच्या एका पट्ट्यावरून आमचा कोळीवाडा आणि पलीकडचे गाव आजोबांपासून भांडत आहेत. वर्गात दोन्हीकडची मुले आहेत. अट एकच: प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची, ती अशी की समोरच्याने म्हणावे, हो, हेच आमचे म्हणणे. आमच्या मुलांनी पलीकडची बाजू इतकी सुरेख मांडली की मीच टाळ्या वाजवल्या.

पण आमच्याकडे चौघांसमोर बोललेले कबूल धरतात. पुढच्या ओहोटीला पलीकडच्यांनी त्या पट्ट्यात जाळ्यांचे खांब रोवले. जाब विचारला तर म्हणाले, "तुमच्याच पोरांनी शालंत कबूल केलाय ना!"

तेव्हापासून मी वाळीत. मासळीसुद्धा शेजारच्या दिवाळे गावाला जाऊन आणतो. माझी चूक झाली असे मला आजही वाटत नाही. पण फार एकटे वाटते. शिकवून घरी आलो की बोलायला भिंत.

२. जगाचा नकाशा व पृथ्वीचा गोल अकरावीच्या वर्गाला. मुख्याध्यापकांना काही नाही. "परीक्षेत येत नाही" म्हणून त्यांनी तो बाजू मांडायचा तास बंद केला. त्यांना नकाशा उलटा टांगला तरी चालेल.

३. वल्ही व जाळे पुतणी, म्हणजे बाळारामची मुलगी जमुना, हिच्या नवऱ्यास.

४. मला अग्नी बाळारामने द्यावा. न बोलता दिला तरी चालेल.

या कागदाला दोन साक्षीदार हवेत. पलीकडच्या गावचे देवजी म्हात्रे आपणहून आले. आमच्यातला एकही जण येईना. आमच्यातला कोणी नसेल तर उद्या म्हणतील, मास्तरने हाही कागद शत्रूच्या घरी बसून केला.

हे देवजींनी कुडावरून बाळारामला ऐकवले. तो आला. मी त्याला सांगितले, वकील म्हणतात, ज्याला घर मिळते त्याने साक्ष करू नये. तू परत जा.

तो म्हणाला, "घर नको मना, दादा. सही कुठं करू, दाखव."

म्हणून पहिल्या कलमात बाळारामच्या जागी जमुना वाचावे. हा बदल दोन्ही साक्षीदारांसमोर केला आहे.

ठिकाण: बेलापूर. तारीख: २० फेब्रुवारी १९६६.

सही: कमळाकर देवराम कोळी

साक्षीदार:
देवजी हिरू म्हात्रे, पलीकडचे गाव
बाळाराम देवराम कोळी, मास्तरचा भाऊ