दुसऱ्यांदा विचारायचं

काकी, मी बोलतेय. हात नातीचा आहे, तोंड माझं. मला अक्षरं कधी आली नाहीत, आले ते डोळे, आणि तेही तू शिकवलेस म्हणून. आपल्या जोहे गावातले किती गणपती माझ्या हातून जग बघायला लागले, आणि आता मलाच सुईत दोरा ओवता येत नाही. नात म्हणते, आजी, हळू बोल, मला लिहायला वेळ लागतो. आपल्या गणपतीच्या कारखान्यात हळू बोलणारं कोण होतं गो?

हिची ओळख करून देते. तू गेलीस तेव्हा हिचा बाप नाक पुसत फिरत होता. ही आता रोह्याला कंपनीत आहे, लॅबमध्ये. काचेच्या नळीत काहीतरी ओतते आणि रंग कसा आला ते बघते. म्हणजे आपलंच काम, फक्त पंख्याखाली. पेणला गाडीत बसली की पूर्वी कासू स्टेशन यायच्या आधी घोरायला लागायची. (लिही, लिही, घोरायचीस.) आता गाडीत झोप नाही आणि घरातही नाही. जोडीची मुलगी लग्न होऊन गेली, तिची जागा कुणी भरली नाही, दोघींचं काम हिच्या एकटीवर आलं. जेवताना फोन वाजला की घास हातातच राहतो. परवा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आजी, मी नोकरी सोडूनच देते." एवढी शिकून, एवढ्या हौसेनं लागलेली पोर. मी विचारलं, काय झालं? तर म्हणते, "काय नाय गो. बरी हाय."

तिच्या कंपनीत मागच्या महिन्यात एक बाई आली होती, कामाचा ताण कसा घालवायचा ते शिकवायला. चांगली होती म्हणे. श्वास कसा सोडायचा ते दाखवलं, प्रत्येकाला दाबायला एक रबरी चेंडू दिला. (चेंडू आता माझ्याकडे आहे. आखडलेल्या बोटांना बरा पडतो.) शेवटी बाईनं विचारलं, कुणाला फार त्रास होतोय का? साहेब दारातच उभे. सगळ्यांनी मिळून सांगितलं, मजेत आहोत. हीही त्यातच.

ते ऐकलं आणि काकी, तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस. श्रावण आहे, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि तू दारात पदर खोचून उभी. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला तुझा एकच सवाल, "आज डोक्यात काय हाय गो?" नवऱ्याशी भांडण, पोराचा ताप, काय असेल ते तिथंच सांगायचं. डोकं तापलेल्या बाईला डोळ्यांच्या आखणीच्या पाटावर बसायला बंदी. तिनं त्या दिवशी पीतांबर रंगवायचा, नाहीतर माती मळायची. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. माझी सासू जिवंत होती तोवर मी किती पीतांबर रंगवले ते तुला माहीतच आहे. आणि पाटावरच्या बाईनं मूर्तींची एक रांग संपली की उठायचंच. "जा, बांधावर जाऊन लांब भातात बघून ये. डोळं इसावूं दे."

सगळ्यांना तू विचारायचीस, तुला विचारायची मात्र रीत नव्हती. एका वर्षी काका अंथरुणाला खिळलेले, पनवेलच्या व्यापाऱ्याचा टेम्पो दाराशी आलेला, आणि तू स्वतःच पाटावर बसलीस. रांग पुरी झाली, आम्ही बघितलं आणि एकमेकींना कोपरानं ढोसलं. अख्ख्या रांगेतले गणपती डोळे वटारून बघत होते. बोलायची छाती कुणाची? व्यापारी आत आला, एका मूर्तीसमोर थांबला आणि म्हणाला, "काकी, हा असा का बघतो माझ्याकडे? मी काय याचे मोदक चोरले?" तू हसायला लागलीस. हसता हसता पोट धरून खाली बसलीस आणि रडायलाच लागलीस. तो बिचारा घाबरून म्हणाला, "घेतो मी, असेच घेतो!" तू त्याला चहा पाजून परत धाडलंस, मूर्तींचे डोळे पुसून पुन्हा काढायला मला बसवलंस, आणि माझ्यावरच ओरडलीस, "तुला दिसत व्हतं ना? मंग मला इचारलंस का नाय?" मी म्हटलं, सकाळी विचारलं होतं, तू बरी हाय बोललीस. तेव्हा तू म्हणालीस, "पयल्यांदा सगळीच बरी असतात. दुसऱ्यांदा इचारायचं. आजपासनं त्ये तुझं काम."

एवढी मोठी कामगिरी मला कुणी कधी दिली नाही. रोज सकाळी तुला दोनदा विचारायचे. दुसऱ्या वेळी तू आधी शिवी द्यायचीस, मग खरं सांगायचीस.

आणि मी बघ, या पोरीला महिनाभर दर वेळी एकदाच विचारत होते. म्हणून आत्ता, हे सांगता सांगता थांबले आणि म्हटलं, "लिहू नको. डोक्यात काय हाय गो?" म्हणाली, बरी हाय. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाली, एकेक नळी तीनदा बघते, तरी वाटतं चुकलंच. नोकरी नकोय असं नाही आजी, एकटीनं नकोय. म्हटलं, मग हे मला काय सांगतेस, मी काय तुझी साहेब आहे? उठली, बांधावर गेली, तिथूनच साहेबांना फोन लावला. तोंड धुऊन आत्ताच आलीय. साहेब म्हणाले म्हणे, "अगं, मी विचारलं तेव्हा ओके सर म्हणालीस!" सोमवारपासून अर्धं काम दुसऱ्या शिफ्टकडे जाईल, नवी मुलगी येईपर्यंत. बघू. साहेबालाही कुणीतरी दोनदा विचारायला शिकवलं पाहिजे.

हे पत्र कुठे टाकायचं ते टपालवाल्यालाही ठाऊक नाही, तेव्हा इथंच राहील, तुझ्या कुंचल्यांच्या डब्याखाली. आणि तुला म्हणून सांगते, तू गेल्यापासून मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आता ही आगाऊ पोर विचारते, "आजी, आणि तुझ्या डोक्यात काय हाय?"

बरी हाय, म्हटलं. एवढं लिहून पेन खाली ठेवते म्हणतेय, दुसऱ्यांदा विचारायला.