विभूती लावलेला कॅमेरा

प्रिय अमरसिंह,

अजून 'प्रिय' लिहितेय म्हणून खूश होऊ नकोस. सवय आहे, जाईल. परवा तुझा एवढा लांबलचक मेसेज आला, त्यात चक्क विनंती होती. तीनदा वाचला. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. शिरोलीतल्या तुझ्या फाउंड्रीत भट्टीवरची माणसं नव्या यंत्राकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि आता तुला माझे अप्पा, म्हणजे तुम्हा सगळ्यांचे सिद्धरामअण्णा, परत हवेत. ते शेजारी उभे राहिले की सगळे शिकतील म्हणे. हे शहाणपण गेल्या खंडेनवमीला कुठे गेलं होतं?

त्या दिवशी सगळ्यांनी हत्यारं पुजली. अप्पांनी तुझ्या नव्या कॅमेऱ्यालाही मान दिला. लांबून भट्टीचं तापमान वाचणाऱ्या त्या काचेवर त्यांनी तीन बोटं विभूती ओढली. तीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाने तुझ्या यंत्राला आपलं मानलं होतं रे! दुसऱ्या दिवशी त्या विभूतीमुळे स्क्रीनवर तापमान कमी दिसायला लागलं. अप्पा वितळलेल्या लोखंडाकडे नुसत्या नजरेने बघून सांगत होते, "रस तयार हाय साहेब, ओता की." तू म्हणालास, स्क्रीन सांगेल तेव्हाच. रस नको इतका तापला, दिवसाचा माल वाया गेला. मग तू अप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून काच पुसलीस आणि अख्ख्या शिफ्टसमोर त्यांना माफी मागायला लावलीस. मी तेव्हा तुझ्याच लॅबमध्ये कामाला, दारात उभी होते. तुझ्या घरचे पुढच्या आठवड्यात मला बघायला येणार होते, म्हणून गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते. अप्पांनी त्याच संध्याकाळी काम सोडलं, आठ दिवसांनी मी तुला.

आम्ही बापलेक आता तुझ्या मागच्याच गल्लीतल्या फाउंड्रीत आहोत. तिथेही तसाच कॅमेरा आहे. मी स्क्रीनवरचे शब्द मराठीत करून घेतले आणि आकड्यावर पुठ्ठा लावला. अप्पा आधी नजरेने अंदाज सांगतात, मग पुठ्ठा काढतो. पंधरा-वीस अंशांचा फरक निघाला की चूक माणसाची का यंत्राची यावर भांडण जुंपतं, आणि भांडता भांडता माणसं शिकतात. दोन महिने झाले, शिफ्ट सुटली की तुझी माणसंही तिथे येऊन बसतात. तुला पत्ता नाही.

तुझा मेसेज मी अप्पांना दाखवलेला नाही. दाखवला असता तर "पोरगं अडलंय" म्हणत लगेच चपला घातल्या असत्या.

नुसता नकार कळवायला मला पत्राची गरज नव्हती. या पाकिटात तुझ्या भट्टीवरच्या नऊही जणांचे राजीनामे आहेत. सोमवारपासून ते आमच्याकडे. मजकूर मी टाइप केलाय, सह्या त्यांनी हौसेने केल्यात, आणि त्या राजीनाम्यांच्या वरती ठेवायला म्हणून हे लिहिलं. अप्पांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर माझ्यावर चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही.

कधीकाळी तुझीच,
दानेश्वरी