इंजनाच्या छेदाचं माप

१४ आक्टोबर १९७९, रविवार.
बरं झालं मी अक्षरं शिकली. लिहून नाई ठेवलं तं उद्या म्हणतील, बुढीनं कुठं सांगतलं होतं! माह्या पोरानं, टिकारामनं, नदीपार जाच्या डोंग्याले डिझल इंजन बसवलं. सकाळपासून दहादा जाऊन पाहून आली. त्या इंजनाले लाकडी खोली केली. तिले हवा घ्याले छेद पायजे. अड्याळचा मिस्त्री भैय्यालाल म्हणते, दोन पायजे, दोन्ही बाजूले, सुपाएवढे. सुपाएवढे! इंजन चालवाचं हाय का धान पाखडाचं? चूल फुंकण्यात जन्म गेला माहा. अन् हा मले हवा शिकवते!

१६ आक्टोबर.
भांडली. उजव्या बाजूले माहं नाव रंगवाचं हाय, चंद्रभागाबाई. नावात भोक पाडता का रे? डाव्या बाजूले एकच छेद, ताटलीएवढा, बस. मागल्या साली दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले आमची विहीण गिरजाबाई जीपगाडीतून उतरली, अन् मले चिखलातून येताना पाहून फिदीफिदी हासली. यंदा तिनं पल्याडच्या घाटावरून पाहावं.

१९ आक्टोबर.
चाललं! फकफक फकफक! भैय्यालालचं तोंड पाहाले पायजे होतं. तरी मेला म्हणते, निदान छेदापुढं काही ठेवू नका. मी काय येडी हावो? तिथं हवा आत ओढते, पाठीले कशी गार लागते. बसाची जागा पक्की.

२५ आक्टोबर. मंडई. (घरी.)
नवं लुगडं नेसली. छेदाले पाठ टेकून बसली. नदीच्या मधात इंजन खोकललं, काळा धूर, बंद. उठून भैय्यालालले शिव्या देल्ल्या, हँडल मारलं, चालू. बसली, बंद. उठली, चालू. म्हणजे इंजन माह्या धाकात हाय, अन् हे मलेच बोलून राहिले! टिकाराम म्हणे, माय, घाट येयेपर्यंत उभी राहा. माहे गुडघे काय लोखंडाचे हायेत? भैय्यालाल म्हणे, बुढीमाय, पाठ सुपाएवढी अन् छेद ताटलीएवढा. दुसरा छेद असता तं आरामात बसल्या असत्या. सारा डोंगा हासला. बाजूनं गोमाजी वल्हवत चालला होता, मले त्याच्या डोंग्यात उतरवलं. मासोळ्यांच्या टोपलीपाशी. नवं लुगडं!

इंजन फकफक करत गेलं. लांबूनच दिसलं, गिरजाबाई माह्या नावाकडं बोट दाखवून काहीतरी विचारून राहिली होती.

गोमाजीले म्हटलं, फिरव डोंगा. थो म्हणे, काहून माय, मंडई?
म्हटलं, मले हवा मानवली नाई.