खरखरणारी झांज

५ जानेवारी, रविवार. दुपारी ४.
पुण्याहून संस्कृतीचा फोन. एक मुलगा आहे म्हणाली. महेंद्र नाव, मूळचा संगमनेरचा. मी विचारलं, करतो काय? ड्रम वाजवतो. मी म्हटलं, ते झालं, पण करतो काय? तर आठवडाभर मुलांना ड्रम शिकवतो आणि रविवारी एका कॅफेत जॅझ वाजवतो.
मी शांतपणे सांगितलं, लग्नात वाजवणारे बोलवायचे असतात, बोहल्यावर उभे करायचे नसतात. मग म्हणाली, पप्पा, तीन रविवार या, ऐका, मग काय ते बोला. तोवर 'नाही' म्हणायचं नाही.
कबूल केलं. माझा माझ्या कानांवर विश्वास आहे. नागापूर एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं मोटारी आणि पंप दुरुस्त करतोय. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. खोलून बघावं लागत नाही. मिरजगावहून हत्यारांची एक पेटी घेऊन आलो होतो, बाकी सगळं या कानांनी दिलं. माणूस तरी काय, मशीनच. तीन रविवार कशाला, एकातच निकाल लागेल.

८ जानेवारी, बुधवार.
अभ्यास सुरू. जॅझ रविवारच्या आत आटपायचं. रोज सकाळी अर्धा तास, वर्कशॉपमध्ये, मोबाईलवर. आज सात मिनिटं झालं. पुंजाराम, माझा सगळ्यात जुना कामगार, शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "शेठ, ह्ये गानं सुरू व्हायचंय का संपलंय?" मी सांगितलं, जॅझ असंच असतं. म्हणाला, "मंग बरंय. कोन चुकलं ते कुनाला कळायचंच न्हाई."
अडाणी. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. उद्यापासून एक तास.

११ जानेवारी, शनिवार.
जमलं नाही. विचार केला, कोऱ्या कानाने गेलेलंच बरं.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी.
काल बायकोला, सविताला, घेऊन पुण्याला. वाटेत सुप्याला चहा. कॅफेत सहाला सुरू झालं. खुर्च्या पन्नासेक. चेहरा कोरा ठेवायचा हे घरूनच ठरवून गेलो होतो. माल आवडल्याचं दिसलं की भाव चढतो.
वाजवणारे चौघं. पियानोवाला, सॅक्सोफोनवाला, माणसाएवढं उभं व्हायोलिन धरलेला एक, आणि सगळ्यांच्या मागे हा. काटकुळा. दाढी राखलेली. पाया पडला, पण पाया पडतात आजकाल सगळेच.
सॅक्सोफोनवाल्याने थांबून बाजा खाली घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, सविताची पिशवी घेतली. संस्कृतीने हात धरून बसवलं. गाणं अजून अर्ध्यावर आहे म्हणाली. प्रत्येक जण आपलं म्हणणं मांडतो आणि त्याचं झालं की त्याच्यापुरत्या टाळ्या. म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखंच, फक्त इथे एक जण बोलताना बाकीचे ऐकतात.
चेहरा शेवटपर्यंत कोरा होता. सविता म्हणते, पाय हलत होता. पायाला मुंग्या आल्या होत्या.

२० जानेवारी, सोमवार.
दुसरा रविवार. काल आफ्रिकेतून, माली देशातून आलेला एक पाहुणा होता. त्याच्याकडे अर्धा भोपळा, त्यावर कातडं, वर लांब दांडा आणि एकवीस तारा. त्या वाद्याला कोरा म्हणतात. भोपळा आपल्या एकतारीलाही असतो, पण आपली माणसं एका तारेत भागवतात. त्याच्यामागे महेंद्र नुसत्या हातांनी, अगदी हळू वाजवत होता. तासभर मी मोबाईल बघितला नाही. रेंज नव्हती.
मात्र एक गोष्ट सापडली. त्याच्या उजव्या हाताची मोठी पितळी झांज खरखरते. मागच्या खेपेलाच संशय आला होता. काठी मारली की मूळ आवाज विरतो आणि मागे काहीतरी थरथरत राहतं. काहीतरी ढिलं आहे. ऐकून दात आंबले. जो स्वतःचं हत्यार घट्ट ठेवत नाही, तो संसार काय घट्ट ठेवणार? येताना गाडीत सविताला सांगितलं. म्हणाली, बाकी कुणालाच कसं ऐकू आलं नाही? तेच तर.

२७ जानेवारी, सोमवार.
तिसरा रविवार. काल मध्यंतरात सगळे चहाला बाहेर गेले. डिकीत पेटी असतेच. स्टेजवर जाऊन झांज बघितली. कडेच्या भोकांत चार रिव्हेट, आखूड खिळ्यांसारखे, चारही ढिले. ढिले म्हणजे, बोट लावलं की नाचत होते. एका वेटरने हटकलं. मी म्हटलं, मेंटेनन्स. तो गेला. मागून लोखंडी ठोकळा, वरून रुमाल, चार ठोके. तीन मिनिटांत काम फत्ते. जावयाला, म्हणजे त्या मुलाला, न सांगता केलेली मदत. उपकार बोलून दाखवू नयेत.
पुन्हा सुरू झालं. त्याने झांजेवर काठी मारली. टण्ण. स्टीलचं ताट पडावं तसा स्वच्छ आवाज. तो वाकला, एक रिव्हेट बोटाने हलवून बघितला. हलला नाही. त्यानंतर त्या झांजेला त्याने शेवटपर्यंत काठी लावली नाही. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. संस्कृतीने माझ्याकडे बघितलं, मग रुमालाला पडलेल्या चार भोकांकडे.
निघताना पार्किंगपर्यंत आली नाही. काम असेल.

२९ जानेवारी, बुधवार.
संस्कृतीने तीन फोन उचलले नाहीत. चौथा उचलला. म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. ते रिव्हेट ढिलेच ठेवायचे असतात. त्यासाठीच भोकं पाडून बसवतात. ती खरखर हाच त्या झांजेचा आवाज. झांज त्याच्या गोव्याच्या सरांची, सर मागच्या वर्षी वारले. आणि म्हणाली, "तो एका शब्दाने बोलला नाही, पप्पा. त्याचीच मला जास्त लाज वाटते. तीन रविवार आलात आणि ऐकलं काय, तर नटबोल्ट." फोन ठेवला.
अठ्ठावीस वर्षं मी जगाचं ढिलं घट्ट करतोय. कुणी मुद्दाम ढिलं ठेवत असेल, तर तसं लिहून लावायला नको? चूक कॅफेची आहे.
जेवण गेलं नाही. पित्त.

३० जानेवारी, गुरुवार.
महेंद्रला स्वतः फोन केला. माफीचा विषय काढणार होतो, पण तो आधीच "काका, तब्येत कशी आहे?" म्हणाला आणि सगळं राहिलं. झांज घेऊन ये म्हटलं. दहा मिनिटांचं काम.

१ फेब्रुवारी, शनिवार.
एसटीने आला. झांज चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. अकराला हात घातला. जुने रिव्हेट काढले, नवे पितळी बसवले. "काका, थोडे घट्ट झाले." काढले. दुसरे लोंबायला लागले. तिसरे एका बाजूनेच वाजायचे. दोन वाजले. पुंजाराम सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, ढिलं करायचं म्हंजे आपल्या धंद्यात काम बिघडवायचं. त्ये बी तुमाला जमंना व्हय?" सगळे हसले. महेंद्रने खाली बघितलं. हसू दाबत होता, हे मी टिपलं.
सातव्या वेळी लेथ, ग्राइंडर, पंखे, सगळं बंद करायला लावलं. त्याने काठी हलकेच टेकवली. मी डोळे मिटले. मूळ आवाज गेला आणि मागे बारीक, बारीक उरलं. तव्यावर तीळ टाकले की तडतडतात, तसं. कधी संपलं कळलंच नाही. मी म्हणालो, आता. तोही त्याच क्षणी म्हणाला, आता.
विचारलं, पहिल्यासारखी झाली का? म्हणाला, "पहिल्यासारखी नाही, काका. पण चांगली झाली." खोटं बोलला नाही. बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडी हलेपर्यंत थांबलो. पार्किंगला अडचण होती म्हणून.

३ फेब्रुवारी, सोमवार.
चौथा रविवार अटीत नव्हता. तरी गेलो, झांज तपासायला. दोन तास तपासली. सॅक्सोफोनवाला थांबल्यावर टाळ्या बरोबर जागी वाजवल्या. शेजारच्या एका पोक्त बाईंनी माझं बघून वाजवल्या. संस्कृती शेजारी बसली होती. फार बोलली नाही, पण तिच्या बशीतला अर्धा केक माझ्याकडे सरकवला.
निर्णय झाला. परवानगी द्यायची. मात्र लगेच नाही. मुलीच्या बापाने पंधरा दिवस तरी ताणावं, त्याशिवाय होकाराला वजन येत नाही. बोलण्याचे मुद्दे काढले. एकूण पाच.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.
फोन केला. पंधरा दिवस जास्त होतात. पहिला मुद्दा घेतला, "नीट विचार करून, सर्व बाजूंनी तपासून मी असं ठरवलं आहे की." संस्कृती म्हणाली, "थँक्यू पप्पा. सोमवारी दहा तारखेला अकरा वाजता रजिस्ट्रारकडे या. आधार कार्ड आणा. साक्षीदार तीन लागतात, एक तुम्ही."
मी म्हटलं, इतक्यात तारीख मिळाली? म्हणाली, महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, ती तीन जानेवारीलाच दिली होती. उरलेले चार मुद्दे राहिले.
तीन जानेवारी. मला पहिला फोन आला पाचला.
स्वयंपाकघरात गेलो. सविता मेथी निवडत होती. तिला दिवाळीपासून माहीत होतं. विचारलं, मग मला चार-चार रविवार पुण्याला कशाला पळवलं? मान वर न करता म्हणाली, "अहो, त्याला बघायचं होतं, सासरा कसा आहे ते."
पास झालो का, हे विचारायला नको होतं. विचारलं.
म्हणाली, ढकलपास.