एका श्वासाची प्रार्थना

रविवार, ४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

आज चर्चमध्ये विषारी वायूने मेलेल्यांचा स्मरणदिन झाला. पपांनी घालून दिलेली रीत अजून चालू आहे. फादरांनी नावं वाचली, शेवटी आपल्या दादाचं, आणि सगळ्यांनी एक श्वास घेऊन धरून ठेवला. लढाईत दादाला जो मिळाला नाही, तो श्वास. धरवेल तितका धरायचा, सोडताना ‘आमेन’ म्हणायचं. यंदाही सर्वांत आधी मीच सोडला. मागच्या बाकावर पोरं खुदखुदली. तूही हसून घे.

मग गुलामीत राबणाऱ्यांसाठीची प्रार्थना. ती लिहायचं काम माझ्याकडे असतं. शिंपीणबाईंच्या मुलीबद्दल तू लिहिलेलं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी नाव टाळलं, पण लिहिलं की एक लेक मोठ्या घरात कोंडलेली आहे, तिची कागदपत्रं मालकिणीने ठेवून घेतली आहेत आणि ती धुवायला जाणाऱ्या उशीच्या अभ्र्यात चिठ्ठ्या घालून मदत मागते. फादरांनी ते मोठ्याने वाचलं.

बाहेर आल्यावर ऑर्गन वाजवणारे गृहस्थ जवळ आले. त्यांनीच तिला त्या घरी कामाला लावलं होतं ना? गोड आवाजात विचारलं, अभ्र्यांचं मला कुणी सांगितलं. कुणाला सांगू नकोस असं तू बजावलं होतंस. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं मला वाटलं गं.

फार चुकलं का? माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

बुधवार, ७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फार चुकलं. काल आमच्या लॉन्ड्रीची गाडी त्या घरी गेली, तर पहारेकरी एकेक अभ्रा झटकून बघत होता. चिठ्ठी आली नाही. मालकिणीने ड्रायव्हरला सांगितलं, गुरुवारी शेवटचे कपडे न्या. शनिवारी मुलीला दुसऱ्या गावच्या घरी धाडणार आहे. तिथे गेली की आपल्या हाती लागणार नाही.

म्हणून उद्या गाडीबरोबर मी जाते आहे. कामगारांच्या वकीलबाई लॉन्ड्रीत थांबतील. तुझं काम एवढंच: दहा ते एक त्या गृहस्थांना ऑर्गनवरून उठू द्यायचं नाही. स्तोत्रं शिकायची आहेत म्हणून सांग. तुझा बेसूर आवाज देवाने कशासाठी दिला, ते उद्या कळेल. फोन मात्र करू नकोस. तू फोनवर बोललीस की माझ्याआधी तुझ्या शेजाऱ्यांना ऐकू जातं. हे पाकीट बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे.

रागावले आहे, तरी तुझीच,
धाकटी

गुरुवार, ८ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तीन तास गायले. एकच कडवं अकरा वेळा चुकले, त्यातल्या नऊ वेळा मुद्दाम. साडेअकराला त्यांचा फोन थरथरायला लागला. मी त्यावर स्तोत्रांचं पुस्तक ठेवलं आणि आवाज चढवला. ते उठायला लागले तेव्हा घेरी आल्याचं सोंग करून त्यांचा हात घट्ट धरला. एक वाजता फोन पाहून त्यांचा चेहरा उतरला, आणि ते टोपी विसरून पळाले.

ते का पळाले? पोरगी सुटली म्हणून की सापडली म्हणून? रविवारच्या प्रार्थनेसाठी फादरांना मी कोरा कागद दिला आहे.

दोन ओळी तरी धाड.

तुझी,
ताई

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरगी माझ्याकडे आहे. आत्ता स्वयंपाकघरात चहा पिते आहे. तिच्या आईला आधी सांग.

चादरींच्या ढकलगाडीत तळाशी तिला निजवलं, वर गाठोडी रचली. फाटकाशी पहारेकऱ्याने ढकलगाडी अडवली. वरचं गाठोडं उचललं, मग खालच्यावर तळवा ठेवून दाबत राहिला. खालून जरा जरी हललं असतं तरी संपलं होतं. मी पावत्या चाळत उभी राहिले. मालकिणीची हाक आली तेव्हा कुठे तो वळला.

गाडीत मी तिला विचारलं, इतका वेळ श्वास कसा धरलास. म्हणाली, चर्चमध्ये धरतो तसा. मनात ताईंना शेजारी बसवलं होतं, आणि ताईंनी सोडला तरी आपण सोडायचा नाही, एवढंच ठरवलं होतं.

वकीलबाई आज त्या गृहस्थांविरुद्धची तक्रार घेऊन पोलिसांकडे गेल्या आहेत. त्या गृहस्थांनी आणखी दोघींना असंच कामाला लावलं आहे. पोरीला त्या दोघींची नावं ठाऊक आहेत. सोबतच्या चिठ्ठीवर लिहून दिली आहेत. चिठ्ठी वाचून जाळून टाक. रविवारी कोराच कागद वाचला जाऊ दे. त्या दोघी बाहेर येईपर्यंत देवालाही मनातल्या मनातच सांग.

राग गेला. लोभ होताच, आहेच.

तुझी,
धाकटी