कंबर दुखत नसलेल्या रुग्णाविषयी

प्रति,
वैद्यकीय अधिकारी,
कामगार वसाहत दवाखाना,
मरोदा, भिलाई, जि. दुर्ग (म.प्र.)

विषय: माझी शस्त्रक्रिया थांबवून पतींची एकांतात तपासणी करण्याबाबत.
संदर्भ: मला नागपूरला पाठविण्याविषयीची आपली या महिन्यातील चिठ्ठी.

महोदय,

आमच्या क्वार्टरच्या मोरीत माझे पती लघवी करतात, त्याच कोपऱ्यात मुंग्या लागतात. फिनाइलने धुतले तरी दुसऱ्या दिवशी तिथेच येतात. मी कन्याशाळेत रसायनशास्त्र शिकवते. पतींना सांगून त्यांची लघवी शाळेच्या प्रयोगशाळेत साखर ओळखण्याच्या बेनेडिक्ट द्रावणात उकळली. निळा रंग जाऊन विटकरी साका बसला.

१. माझे पती श्री. शामसुंदर लांजेवार रोलिंग मिलमध्ये चार्जमन आहेत. लग्नानंतर काही महिन्यांतच, इच्छा असूनही, ते वैवाहिक संबंधास असमर्थ झाले. आम्हांस मूल नसण्याचे कारण हेच आहे. परंतु मूल नसले की दवाखान्यात पत्नीचीच तपासणी होते. माझी पुन्हा पुन्हा झाली. दोष आढळला नाही. तरीही आता पिशवी साफ करण्यासाठी मला नागपूरला पाठविण्यात येत आहे.

२. पती आपल्याकडे आले नाहीत असे नाही. खिडकीवर तक्रार मोठ्याने सांगावी लागते आणि रांगेत मागे त्यांच्याच पाळीचे लोक असतात. म्हणून त्यांनी कंबर दुखते असे सांगितले. त्यांना चोळायला तेल मिळाले, पुढे हलके काम मिळाले. आता सोबती विचारतात, "कावून जी लांजेवार, कंबर धरून राहिले, बाळंत झाले का?" नवीन लग्न झालेल्या कामगारांत ही कंबरेची तक्रार इतकी वाढली, की कंपाउंडर श्री. टिकाराम यांनी गादीखाली लाकडी फळी घालण्याची सूचना भिंतीवर लावली आहे. आमच्या ओळीत बहुतेक घरी फळ्या आल्या. त्या सर्वांची कंबर दुखत असेल असे मला वाटत नाही.

३. मधुमेहात अशी दुर्बलता येऊ शकते, असे मी वाचले आहे. निदान अर्थात आपणच करावे. पुरुष रुग्णांस खिडकीवर कारण न विचारता आत घ्यावे, पतींची साखर तपासावी आणि माझी शस्त्रक्रिया रद्द करावी, ही विनंती.

४. हा अर्ज याआधीच पाठवला असता. पण पतींच्या होकाराशिवाय त्यांचे नाव लिहिणे मला योग्य वाटले नाही. ते दरवेळी "पाहू" म्हणत. आज सकाळी सासूबाई नागपूरसाठी माझी पेटी भरत होत्या. शेजारच्या कांताबाईही बसल्या होत्या. पती दारात आले आणि दोघींना ऐकू जाईल असे म्हणाले, "आई, इले कोठी नेऊ नोको. खोट माह्यात आहे. दवाखान्यात मी जातो."

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
सौ. रत्नमाला शामसुंदर लांजेवार, बी.एस्सी.
मरोदा, दि. १९ फेब्रुवारी १९६२